मनगट विसरताना

पिकलबॉलचे कोर्ट 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद असते, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच, आणि या एका साम्यामुळे माझी जवळजवळ वर्षभर दिशाभूल झाली. कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सिमेंटच्या कोर्टावर मी 22 वर्षे बॅडमिंटन खेळलो होतो. वयाच्या 51व्या वर्षी उजवा गुडघा कुरकुरू लागला आणि डॉक्टरांनी उड्या मारणे बंद करायला सांगितले. त्याच सुमारास सोसायटीतील तरुण मंडळींनी त्या कोर्टावर जाळी खाली उतरवून पिकलबॉल सुरू केले. कोर्ट ओळखीचे, जाळी पाच फुटांवरून तीन फुटांवर आलेली आणि शटलऐवजी भोके पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू. यात आपल्याला नव्याने शिकण्यासारखे फारसे काही नसावे, असे मी धरून चाललो. माझ्या पत्नीने आयुष्यात कधी रॅकेट हातात धरली नव्हती. तिला सोबत घेतले ते केवळ दुहेरीला चौथे माणूस कमी पडत होते म्हणून.

पहिली चूक रेषेचीच होती. जाळीपासून दोन्ही बाजूंना सात फुटांपर्यंत जो पट्टा असतो त्याला नियमांच्या पुस्तकात नॉन-व्हॉली झोन म्हणतात आणि खेळणारे सगळे किचन म्हणतात. या पट्ट्यात असताना चेंडू टप्पा पडण्याआधी हवेतच मारता येत नाही. बॅडमिंटनची सर्व्हिसची पुढची रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते आणि आम्ही तीच रेषा किचनची समजून दोन महिने खेळत राहिलो. पुढे कोणीतरी टेप आणून मोजले, सहा इंच मागे पिवळी चिकटपट्टी लावली, आणि माझे बरेचसे हुकमी फटके नियमबाह्य ठरले. घरी किचनमध्ये पाऊल टाकत नाही म्हणून बोलणी खाणाऱ्या माणसाला इथे किचनमध्ये पाऊल टाकल्याबद्दल दंड होऊ लागला, हे सोसायटीत बरेच दिवस चघळले गेले.

हा खेळ मुळात बॅडमिंटनच्या कोर्टावरच जन्मला, हे मला नंतर कळले. 1965 मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या मित्रांना बॅडमिंटनचे पुरेसे साहित्य सापडेना, तेव्हा त्यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन घरच्यांसाठी खेळ रचला. बार्नी मॅक्कॅलम त्यांना लवकरच येऊन मिळाले. जाळी आधी बॅडमिंटनच्याच उंचीवर होती. चेंडू जमिनीवरून चांगला उसळतो हे ध्यानात आल्यावर त्यांनी ती 36 इंचांवर उतरवली. ज्या पुण्याच्या नावाने इंग्रज लष्करी अधिकारी एके काळी बॅडमिंटनला ओळखत असत, त्या पुण्यात राहून जाळी उतरली की खेळच बदलतो, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला मात्र बराच काळ लागला.

सुरुवातीच्या काही महिन्यांत मी जिंकत होतो, हे खरे तर माझे दुर्दैव. नवख्या खेळाडूंसमोर जोरात मारलेला प्रत्येक चेंडू गुण मिळवून देतो, कारण समोरच्याला पॅडल, म्हणजे या खेळातली बॅट, वेळेवर पुढे आणता येत नाही. मग आमच्या इमारतीत मुंबईहून एक जोडपे राहायला आले. काका 67 वर्षांचे होते आणि काकू 63 वर्षांच्या. मुंबईचे सुनील वालावलकर यांनी पिकलबॉल भारतात आणले आणि 2008 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी केली. त्यानंतरच्या काळात, आपल्याकडे या खेळाचे नावही फारसे कोणाला ठाऊक नव्हते तेव्हा, या दोघांनी तो मुंबईत शिकून घेतला होता. पहिल्याच सामन्यात त्यांनी आम्हाला 11-2 असे हरवले. काका जागचे फारसे हलले नाहीत. मी जेवढ्या जोराने मारत होतो तेवढ्याच शांतपणे ते चेंडू माझ्या पायाशी, किचनच्या आत, आणून ठेवत होते, आणि तो वाकून उचलताना माझ्याकडून वर उडालेला चेंडू काकू अलगद रिकाम्या जागेत टेकवत होत्या. घामाने भिजलो होतो तो मीच.

घरी येऊन मी वाऱ्याला दोष दिला, चेंडूला दिला, मग पॅडलला दिला आणि साडेनऊ हजार रुपये खर्च करून कार्बन फायबरचे नवे पॅडल आणले. त्या पॅडलने पुढच्या आठवड्यात आम्ही 11-3 असे हरलो. एका गुणाला साडेनऊ हजार, असा हिशेब पत्नीने मांडला.

ती जिल्हा परिषदेच्या हिशेब विभागात 26 वर्षे काम करून निवृत्त झाली आहे. आपण नेमके कशाने हरतो हे मोजल्याशिवाय काय सुधारायचे ते कसे कळणार, हा तिचा प्रश्न मला तेव्हा खोचक वाटला, पण त्यातूनच वही सुरू झाली. फोन कुंपणाच्या जाळीला अडकवून आम्ही आमच्या आठ गेमचे चित्रण केले आणि रात्री जेवणानंतर बसून हरलेली प्रत्येक रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू निकालात निघेपर्यंतची प्रत्येक खेळी, वहीत नोंदवली. पिकलबॉलच्या पारंपरिक पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच गुण मिळतो, त्यामुळे नुसते गुण मोजून उपयोग नव्हता. हरलेल्या रॅली मोजाव्या लागत होत्या. त्या आठ गेममध्ये आम्ही 168 रॅली हरलो होतो. त्यांपैकी प्रतिस्पर्ध्याने खरोखर अप्रतिम फटका मारला आणि आपल्या हाती काहीच नव्हते, अशा फक्त 29 होत्या. उरलेल्या 139 रॅली आम्ही आपल्या हाताने घालवल्या होत्या, आणि त्यांत पत्नीच्या 48 व माझ्या 91 होत्या.

हा आकडा मला झोंबला. मी दोनदा मोजून पाहिले. माझ्या 91 चुकांपैकी 31 एकाच प्रकारच्या होत्या: आमची सर्व्हिस, त्यांचा रिटर्न आणि मग माझा तिसरा फटका, जो मी मागच्या रेषेवरून सपाट आणि जोरात मारून जाळीत किंवा कोर्टाबाहेर घालवला होता. आणखी 22 वेळा मी जाळीच्या उंचीच्या खाली असलेला चेंडू जोराने मारायला गेलो होतो. कोर्टाबाहेर जाणारे 12 चेंडू मी स्वतःहून अडवून खेळात परत आणले होते. नऊ सर्व्हिस वाया गेल्या होत्या, आठ रिटर्न चुकले होते, चार वेळा किचनचा फॉल्ट झाला होता आणि उरलेल्या पाच चुकांना कोणत्याच रकान्यात बसवता आले नाही. मी ज्याला माझे बलस्थान समजत होतो, त्या मनगटाच्या जोरानेच निम्म्याहून अधिक नुकसान झाले होते.

सर्व्हिस सुधारणे सर्वांत सोपे गेले, म्हणून आधी तेच हाती घेतले. हवेतला चेंडू खालून मारताना माझी उंची आणि वेळ दोन्ही बदलत असत. 2021 पासून चेंडू हातातून खाली सोडून टप्पा पडल्यावर मारण्याची सवलत मिळाली आहे, ती मी वापरू लागलो. फेकायचा नाही, आपटायचा नाही, नुसता सोडायचा. मग तो रोज तेवढाच उसळतो आणि हाताला विचार करायला वेळ मिळतो. सर्व्हिस जोरदार करण्याचा नाद सोडून ती समोरच्या मागच्या रेषेच्या दोन-तीन फूट अलीकडे पडेल एवढेच पाहिले. रोज सकाळी सव्वासहाला इतर मंडळी यायच्या आधी 40 सर्व्हिस, असा नेम मी धरला. दीड महिन्यात वाया जाणाऱ्या सर्व्हिस जवळजवळ थांबल्या. याच काळात आणखी एक जुनी खोड कळली. जाळीला लागून योग्य चौकटीत पडलेली सर्व्हिस टेनिसप्रमाणे पुन्हा होईल असे समजून मी थांबत असे. पिकलबॉलमध्ये हा पुनःसर्व्हिसचा नियम 2021 मध्येच रद्द झाला आहे आणि तो चेंडू चालू खेळातला असतो.

रिटर्नचा विचार मात्र आधी मनाला पटवून घ्यावा लागला. सर्व्हिसचा चेंडू टप्पा पडल्यावरच परत करायचा आणि परत आलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्यांनीही टप्पा पडल्यावरच घ्यायचा, हा दोन टप्प्यांचा नियम या खेळाचा कणा आहे. त्यामुळे सर्व्हिस करणारी बाजू मागच्या रेषेवर अडकून राहते, तर रिटर्न करणाऱ्या बाजूला लगेच पुढे जाऊन किचनची रेषा ताब्यात घेता येते. बॅडमिंटनच्या सवयीने मी रिटर्न फटकारत होतो आणि माझ्याच फटक्याच्या वेगामुळे मला पुढचे 15 फूट चालून जायला वेळ उरत नव्हता. रिटर्न उंच, संथ आणि खोल ठेवला तर चेंडू हवेत असतानाच आपण रेषेवर पोहोचतो. संथ फटका हा दुबळेपणा नसून आपल्यासाठी विकत घेतलेला वेळ आहे, हे मला पत्नीच्या खेळाकडे पाहून कळले. ती पहिल्या दिवसापासून असाच रिटर्न करत होती, कारण तिला दुसरा येतच नव्हता.

तिसऱ्या फटक्याने मात्र माझी खरी परीक्षा पाहिली. समोरचे दोघे किचनच्या रेषेवर येऊन उभे आहेत, आपण मागच्या रेषेवर, जाळीपासून 22 फूट दूर. अशा वेळी चेंडू जाळीवरून जेमतेम जाऊन पलीकडच्या सात फुटांच्या पट्ट्यात हळूच पडला, तर त्यांना तो खालून वर उचलावा लागतो आणि तेवढ्या अवधीत आपण पुढे सरकू शकतो. याला थर्ड शॉट ड्रॉप म्हणतात. वाचायला एका वाक्याचे काम आहे. हाताला ते यायला मला सात महिने लागले.

महिना-दोन महिने एकट्याने प्रयत्न करून काही साधेना, तेव्हा आम्ही दोघांनी आठवड्यातून दोनदा प्रशिक्षण घ्यायला सुरुवात केली. आमच्या प्रशिक्षक 24 वर्षांच्या, पूर्वी टेनिस खेळलेल्या. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातातले पॅडल काढून घेतले, माळ्याकडून एक घमेले आणून ते पलीकडच्या किचनमध्ये ठेवले आणि मागच्या रेषेवरून चेंडू हाताने, खालून, घमेल्याकडे टाकायला सांगितले. दहा-बारा चेंडूंनंतर माझ्या लक्षात आले की हाताने टाकताना मी मनगट वापरत नाही. हात खांद्यापासून लंबकासारखा हलतो, गुडघे आपोआप वाकतात आणि चेंडूचा सर्वांत उंच बिंदू जाळीच्या अलीकडे, माझ्याच बाजूला येतो. मग त्यांनी पॅडल परत दिले आणि म्हणाल्या, “काका, आता हेच करा. चेंडू मारायचा नाही, नुसता पोहोचवायचा.”

पॅडल हातात आल्याबरोबर मनगट जागे झाले. शटल मनगटाच्या झटक्याशिवाय जातच नाही आणि हवेत गेल्यावर पिसांमुळे त्याचा वेग झपाट्याने गळतो, म्हणून तिथे झटका क्षम्य असतो. सुमारे 25 ग्रॅम वजनाचा हा कडक चेंडू त्याच झटक्याने कुठेही भिरकावला जातो. पकड किती घट्ट असावी यासाठी प्रशिक्षकांनी मला पॅडलऐवजी पिकलेला चिकू धरल्याची कल्पना करायला सांगितले. त्यापेक्षाही उपयोगी पडली ती सरावाची पद्धत. मागच्या रेषेवरून सुरुवात न करता आधी किचनच्या रेषेवर उभे राहून दहा चेंडू पलीकडच्या किचनमध्ये टाकायचे, दहांपैकी सात पडले की दोन पावले मागे जायचे, सातांपेक्षा कमी पडले की दोन पावले पुढे यायचे. पहिल्या महिन्यात मी कोर्टाच्या मध्याच्याही मागे जाऊ शकलो नाही. सापशिडीत 99च्या घरातून खाली यावे तसे दर सकाळी पुन्हा रेषेवर येत होतो.

याच काळात माझा खेळ पूर्वीपेक्षा वाईट झाला, हे लिहून ठेवले पाहिजे. जुना जोरदार फटका मी मुद्दाम सोडला होता आणि नवा अजून आला नव्हता. माझे ड्रॉप अर्धवट उंच जात आणि समोरच्यांना आयती मेजवानी मिळे. जी तरुण मुले पूर्वी माझ्याकडून हरत होती ती आता 11-4, 11-5 अशी जिंकू लागली. दोन महिन्यांत आम्ही सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येक जोडीकडून हरलो. अनेकदा वाटले की पुन्हा फटकारायला सुरुवात करावी, निदान निम्मे सामने तरी जिंकू. वहीने तेव्हा थोडा आधार दिला. सामने हरत असतानाही तिसऱ्या फटक्याच्या रकान्यातला आकडा आठ गेममागे 31वरून 24वर आणि मग 17वर आला होता. निकालात ते अजून दिसत नव्हते, कारण चौथ्या आणि पाचव्या फटक्याला काय करायचे हे मला माहीत नव्हते.

त्यातच जून आला. पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरते आणि पाय घसरतो, म्हणून आम्ही चार महिने जवळच्या एका सभागृहात खेळलो. मोकळ्या मैदानावरच्या चेंडूला साधारणपणे 40 लहान भोके असतात, तर बंदिस्त जागेतल्या चेंडूला 26 मोठी असतात आणि तो जरा मऊ असतो. पॅडलवर तो क्षणभर अधिक टेकल्यासारखा वाटतो. माझा ड्रॉप त्या मऊ चेंडूवर प्रथम जमला आणि मी हुरळून गेलो. ऑक्टोबरमध्ये बाहेर परतल्यावर तोच हात चेंडू दोन फूट लांब टाकू लागला. डिसेंबरच्या थंड सकाळी हा बाहेरचा चेंडू आणखी कडक होतो आणि कधी कधी तडकतोही. तेव्हापासून मी खेळाआधीचे पहिले दहा चेंडू फक्त त्या दिवसाचा चेंडू कसा वागतो आहे हे पाहण्यासाठी ठेवतो.

किचनच्या रेषेवरचा खेळ, म्हणजे डिंकिंग, मला कंटाळवाणा वाटत असे. चौघे रेषेवर उभे राहून चेंडू एकमेकांच्या किचनमध्ये हळूहळू टाकत राहतात, हे पाहून माझ्या एका जुन्या बॅडमिंटन मित्राने “हे भातुकलीचे लग्न किती वेळ चालणार?” असे विचारले होते. प्रत्यक्षात तो कॅरमसारखा प्रकार आहे. आपली सोंगटी घेता येत नसेल तर निदान समोरच्याला सोपी सोंगटी राहणार नाही अशी मांडणी करून ठेवायची, आणि हात हलका ठेवायचा. डिंक तिरका का टाकावा याचे कारण प्रशिक्षकांनी सांगितले आणि मी घरी कागदावर ताडून पाहिले. समोरासमोर एका किचनरेषेपासून दुसरीपर्यंत अंतर 14 फूट भरते. एका कोपऱ्यातून तिरक्या कोपऱ्यापर्यंत ते 24 फुटांहून थोडे अधिक भरते. शिवाय जाळी कडांना 36 इंच आणि मध्यभागी 34 इंच असते, आणि तिरका चेंडू मध्यावरूनच जातो. जागा जास्त आणि जाळी कमी, असा दुहेरी फायदा असताना मी वर्षभर सरळ रेषेत मारत होतो.

जाळीखालचा चेंडू जोराने मारू नये, हेही शेवटी भूमितीच आहे. चेंडू जाळीपेक्षा खाली असेल तर तो वर चढतच जाळी ओलांडणार. जोर दिला तर एकतर कोर्टाबाहेर जाणार किंवा समोरच्याच्या छातीशी, मारायला आयता पोहोचणार. हे कळत होते, पण हात ऐकत नव्हता. म्हणून मी एक सक्तीचा नियम लावून घेतला: सलग पाच डिंक झाल्याशिवाय आक्रमण करायचे नाही, चेंडू कितीही सोपा आला तरी. त्या नियमामुळे काही सोपे गुण सोडावे लागले, परंतु चौथ्या-पाचव्या डिंकपर्यंत समोरचाच अधीर होतो, हे मला प्रथमच जाळीच्या या बाजूने पाहायला मिळाले. तो अधीर माणूस मी वर्षभर होतो.

किचनच्या फॉल्टबद्दल एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एकदा मी रेषेमागे उभा राहून उंच चेंडू हवेतच मारला, चेंडू समोर दोनदा टप्पा पडून कुंपणापर्यंत गेला, आणि फटक्याच्या झोकात माझ्या डोक्यावरची टोपी उडून किचनमध्ये पडली. समोरच्या काकूंनी हसत हसत फॉल्ट म्हटले. मला ती थट्टा वाटली. नियम पाहिला तर त्या बरोबर होत्या: व्हॉलीच्या झोकात खेळाडू किंवा त्याच्या अंगावरची वस्तू किचनला लागली तर तो फॉल्टच, मग चेंडू आधीच निकालात निघाला असला तरीही. त्या दिवसापासून मी टोपीऐवजी कपाळपट्टी बांधतो.

जोडीने खेळणे हा वेगळाच अभ्यास होता. सुरुवातीला मधला प्रत्येक चेंडू मीच घेत होतो आणि पत्नीच्या पुढ्यातले निम्मे चेंडूही घेत होतो. “तुम्ही माझ्या अंगणात येता तेव्हा तुमचे अंगण मोकळे असते, हे समोरच्यांना दिसते,” असे तिने एकदा सांगितले. चित्रणात पाहिले तर आमचे कितीतरी गुण त्याच मोकळ्या अंगणात गेले होते. मग आम्ही ठरवले की मधला चेंडू ज्याच्या फोरहँडला, म्हणजे पॅडल धरलेल्या हाताच्या बाजूला, येईल त्याचा. आम्ही दोघेही उजव्या हाताने खेळत असल्यामुळे तो डाव्या बाजूला उभे राहणाऱ्याचा, आणि ती जागा माझी. पण तिच्या फोरहँडला येणाऱ्या चेंडूकडे मी पाहायचेही नाही, अशी अट तिने त्याला जोडली. प्रशिक्षकांनी आमच्या कमरांना सहा-सात फुटांची ओढणी बांधून आम्हाला कोर्टावर फिरवले, म्हणजे एक जण कडेला सरकला की दुसऱ्याला तेवढेच सरकावे लागते. बाल्कनीतून बघणाऱ्यांची त्या दिवशी चांगली करमणूक झाली. त्या एका तासाने मधली फट बुजली, हेही तितकेच खरे.

बाहेर जाणारे चेंडू सोडून देणे मला सर्वांत कठीण गेले. रेषेवर उभे असताना खांद्याच्या उंचीवर वेगाने आलेला सपाट चेंडू बहुतेक वेळा मागच्या रेषेबाहेर जाणार असतो, पण 22 वर्षे शटल अडवलेला हात तो सोडत नाही. मारणाऱ्यापेक्षा बाजूच्या जोडीदाराला चेंडूची दिशा आधी दिसते, म्हणून हाक देण्याचे काम पत्नीकडे आले. इतर जोड्या “आउट” किंवा “नो” असे ओरडतात. ती “अहो, सोडा!” म्हणते. पहिल्यांदा ही हाक ऐकली तेव्हा मी मारून मग सोडले. आता तिच्या “अहो”वरच माझे पॅडल छातीशी येते, आणि 12चा तो आकडा दोन-तीनवर उतरला आहे. सोसायटीतील मुलांनी ही हाक उचलली आहे आणि तीही एकमेकांना “अहो, सोडा!” असेच ओरडतात.

जोरात मारणाऱ्या तरुणांविरुद्ध काय करायचे, याचे उत्तर मला माझ्याच जुन्या चुकांमध्ये सापडले. त्यांना वेग हवा असतो, तो द्यायचा नाही. पॅडल नाभीच्या वर, शरीरासमोर. चेंडू आला की मागे न ओढता पकड सैल करून त्याचा जोर पॅडलवरच विझवायचा आणि तो किचनमध्ये पडू द्यायचा. याला रिसेट म्हणतात. दहांपैकी पाच-सहा जमतात, अजून याहून अधिक नाही. आक्रमण करायचेच झाले तर उजव्या हाताच्या खेळाडूच्या उजव्या खांद्याजवळ करावे, कारण तिथे फोरहँडने घ्यावे की बॅकहँडने या संभ्रमात कोपर अडकते. काकूंनी माझ्या त्याच जागी किती चेंडू मारले होते हे वहीत पाहिल्यावर मला ही युक्ती कळली.

एक दुखापतही सोसावी लागली. डोक्यावरून गेलेल्या लॉबमागे मी चेंडूकडे पाहत उलट पावली धावलो, टाच अडकली आणि सिमेंटवर मागे पडताना हात टेकला. हाड मोडले नाही, पण मनगट मुरगळले आणि पाच आठवडे पट्टी बांधावी लागली. या वयात उलटे धावायचे नाही. वळून धावायचे, नाहीतर चेंडू जाऊ द्यायचा. गमतीचा भाग असा की पट्टी सुटल्यावर मनगट इतके आखडले होते की पहिले काही दिवस ते वापरताच येईना, आणि त्या दिवसांत माझे ड्रॉप जितके चांगले पडले तितके आधी कधीच पडले नव्हते. प्रशिक्षकांनी पट्टी कायमचीच ठेवा, असे सुचवले.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा एकदा काका-काकूंशी खेळलो. आता ते 69 वर्षांचे आहेत आणि काकू 65 वर्षांच्या. सामना 9-9 असा अडला होता आणि दोन्ही बाजूंची सर्व्हिस तीन-तीनदा फुकट गेली होती. शेवटी त्यांनी एक गुण घेतला, 10-9 झाले, आणि पुढची रॅली मी आतापर्यंत खेळलेल्या रॅलींमध्ये सर्वांत लांब चालली. माझ्या मोजणीनुसार डिंकच 20हून अधिक झाले असावेत. शेवटी काकांनी, ज्यांना मी कधी अधीर झालेले पाहिले नव्हते, चेंडू अचानक माझ्या खांद्याच्या उंचीवर सपाट मारला. शेजारून हाक आली, “अहो, सोडा!” मी पॅडल छातीशी घेतले आणि मान वळवून पाहिले. चेंडू मागच्या रेषेवर पडला, रेषेची पांढरी कड स्पष्टपणे चाटून. आपल्या बाजूचा निकाल आपणच द्यायचा असतो आणि रेषेला लागलेला चेंडू आत असतो, म्हणून “आत” असे मलाच म्हणावे लागले. आम्ही 11-9 असे हरलो. ही रॅली वहीत माझ्या रकान्यात लिहायची, तिच्या रकान्यात लिहायची की काकांच्या अप्रतिम फटक्यांमध्ये, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही, आणि ती जागा तूर्त कोरी आहे.